पिकअपला पिकअप नाही
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि दहावी १९९६ च्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन करून मला सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरमधली, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. पण त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि माझ्याकडे सांगण्यासारखं त्यात काही नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एक पिकअप गाडी आहे. आज या मंडपातल्या खुर्च्या जिनं आणल्या, तीच. बाहेर वडाखाली उभी आहे. तिच्यावरून मी एक चूक केली होती, ती सांगते. दहा मिनिटांत आटपेल असं वाटत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.

माझं काम काय, हे अजून अर्ध्या वर्गाला माहीत नाही. आईसुद्धा विचारणाऱ्याला "पुण्यात कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते. डिझेल इंजिनावर हल्ली एक डबा असतो, इसीयू म्हणतात त्याला. इंजिनात डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, कुठल्या दाबानं सोडायचं, हे तो ठरवतो. त्या डब्यातल्या सॉफ्टवेअरचं काम मी करते. आत मोठे तक्ते असतात. आपल्या वर्गात पाढ्यांचा तक्ता टांगलेला असायचा ना, तसेच. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरनं अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते, आणि दोन्ही जिथं भेटतात त्या घरात एक आकडा. तो आकडा वाचायचा आणि इंजिनाला सांगायचा. असे शेकडो तक्ते असतात. घरातला प्रत्येक आकडा कुणीतरी उन्हात, थंडीत, उंचावर गाडी तपासून भरलेला असतो. बाजारात 'ट्यूनिंग करून देतो' म्हणतात, तेव्हा लॅपटॉप लावून बहुतेक वेळा हेच आकडे बदलतात.

माझा धाकटा भाऊ वाहतुकीच्या धंद्यात आहे. २०१८ साली त्यानं कर्ज काढून पिकअप घेतला, बीएस फोरचा. कोल्हापुरातून गूळ, भाजी, सिमेंट घेऊन खाली कोकणात उतरायचं आणि येताना जांभा चिरा भरून करूळ घाट चढायचा, हा त्याचा रोजचा उद्योग. कधी फोन केला तरी तो एक तर वैभववाडीत असायचा नाही तर गगनबावड्यात चहा पीत.

२०२१ च्या दिवाळीत मी घरी आले होते. फराळ करता करता तो म्हणाला, "आक्का, पिकअपला पिकअप न्हाई राहिला."

मला आधी हसूच आलं. पण तक्रार खरी होती. गाडी पहिल्यासारखी ओढत नव्हती. भरलेली असली की घाटात तिसऱ्या गिअरला मान टाकायची, दुसरा टाकायला लागायचा. मागून येणारे हॉर्न मारायचे. त्याला कुणीतरी एक माणूस भेटला होता. तो लॅपटॉप घेऊन यायचा, डब्यातली फाईल बदलून द्यायचा आणि रोख पैसे घ्यायचा. भावानं ती फाईल माझ्यासाठी मागून घेतली होती. "तू बघ की जरा. तू हो म्हणालीस तर टाकतो, न्हाईतर न्हाई."

आता बघा, आपल्या घरात मी इंजिनिअर झाले तेव्हा मुलीनं मशिनमधलं शिकून काय करायचं असं पुष्कळांनी ऐकवलं होतं. आणि इथं माझा भाऊ घरातल्या सगळ्यांसमोर एका इंजिनाबद्दल माझा शब्द मागत होता. मी फुगले. लॅपटॉप उघडून दोन तास बसले. जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवून आकडा न् आकडा पाहिला. टॉर्कची मर्यादा वीस टक्क्यांनी वाढवली होती. डिझेलचा दाब थोडा वर नेला होता. धुराची मर्यादा थोडीशीच हलवली होती. मी म्हटलं, "माणसानं फार हावरटपणा केलेला नाही. इंजिनाला एवढं सोसेल."

त्या वाक्यात 'इंजिनाला' हा शब्द होता. तो त्यानंही ऐकला नाही आणि मीही नाही.

पुढचं सांगण्याआधी जरा मागं जाते, कारण या गोष्टीत आपल्या वर्गातला एक मित्र येणार आहे. त्यानं नाव घ्यायचं नाही अशी ताकीद दिलीय, त्यामुळे घेत नाही. शेवटच्या बाकावर बसायचा, एवढं सांगितलं की तुम्ही ओळखाल. त्याच्या वडलांचं शिवाजी उद्यमनगरात डिझेल पंपाचं दुकान होतं. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा पंप घेऊन मी बाबांबरोबर एकदा तिथं गेले होते. हा पोरगा हातभर काळं तेल माखून तिथं उभा. शाळेत फळ्यासमोर घाम फुटणारा तो, तिथं मात्र बाबांना सांगत होता, "काका, तुमचं एक नोझल मुततंय."

तिथं मी पहिल्यांदा पंपाचा टेस्ट बेंच पाहिला. पंप बाकावर बसवायचा, मोटरनं फिरवायचा, आणि त्यातून निघणारं तेल काचेच्या नळ्यांत गोळा करायचं. प्रयोगशाळेतल्या मोजपात्रासारख्या नळ्या, खुणा केलेल्या. चार सिलिंडरच्या पंपाला चार नळ्या. चारींत तेल एकाच उंचीला आलं तर पंप बरोबर. एखादी नळी कमी भरली तर इंजिन लंगडणार. गंमत अशी की रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाललं, पण छोट्या गाडीत बसावं असा पंप बॉशनं कारखान्यातून काढायला १९२७ साल उजाडलं. इंजिन तयार होतं, थेंब मोजणारा नव्हता. आणि कॉमन रेल, म्हणजे आमच्या डब्यानं चालणारी पद्धत, विकायच्या मोटारीत आली १९९७ साली. आपण तेव्हा बारावीच्या तयारीत होतो.

जुन्या पंपाला एक स्क्रू असायचा. जास्तीत जास्त किती डिझेल जाऊ द्यायचं, ते त्यावर ठरायचं. त्याला तार घालून शिशाचं सील मारलेलं असायचं. ते सील तोडून स्क्रू पाव फेरा फिरवणं म्हणजे त्या काळचं ट्यूनिंग. तसं केलं की गाडी खेचायची आणि मागून काळा धूर काढायची. ड्रायव्हर लोकांना तो धूर म्हणजे ताकद वाटायची. अजूनही वाटते. खरं तर काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, पण डिझेल आत फवारून लगेच पेटत असल्यामुळे ते हवेत नीट मिसळायला वेळच मिळत नाही. म्हणून प्रत्यक्षात हवा त्याहून बरीच जादा ठेवावी लागते. ती जादा हवा संपवत आणलीत की धूर सुरू. म्हणजे पैसे देऊन भरलेलं डिझेल तुम्ही मागच्या गाडीच्या काचेवर उडवताय. आणि आतलं तापमान चढतं ते वेगळंच. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे असतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. घाटात पूर्ण भारावर सायलेन्सरकडे जाणारा वायू सातशे अंशांच्या घरात जाऊ शकतो. तरी पिस्टन टिकतो, कारण आगीशी त्याचा संबंध क्षणभरच येतो आणि खालून तेल त्याला गार करत असतं. हे सगळं जुळवून बसवलेलं असतं. स्क्रू फिरवणारा त्यातली एकच बाजू हलवतो.

मी फाईल तपासली तेव्हा हे सगळं बघितलं होतं. धूर, तापमान, दाब. जे मला येतं ते सगळं.

आता थोडं गणित सांगते. सर, तुम्ही नववीत वर्गाच्या दाराला एका बोटानं ढकलून दाखवलं होतं. बिजागरीजवळ ढकललं तर दार हलेना, कडीजवळ ढकललं तर लगेच उघडलं. फळ्यावर लिहिलंत, 'बलाचे आघूर्ण'. तो शब्द दहावीच्या पेपरानंतर मला कुठं भेटला नाही. ऑफिसात त्याला टॉर्क म्हणतात आणि उद्यमनगरात पुलिंग. तीन शब्द, वस्तू एकच.

आकडे कुठल्या एका कंपनीच्या गाडीचे नाहीत, हिशेबापुरते धरलेत. इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स तो वाढवते, दुसऱ्या गिअरला २.३ पट, तिसऱ्याला १.४५ पट, चौथ्याला आहे तेवढाच. मागच्या अ‍ॅक्सलमधलं क्राऊन-पिनियन तो आणखी साडेचार पट करतं. वाटेत दहा टक्के वाया. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. एवढं सगळं करून रस्त्यावर गाडीला मिळणारी ओढ किलोत मोजली तर चौथ्या गिअरला येते साधारण २३५, तिसऱ्याला ३४० आणि दुसऱ्याला ५४०.

आता चढ. बारा मीटर पुढं गेलं की एक मीटर वर, असा घाट धरू. पासिंगप्रमाणे भरलेली गाडी सगळी मिळून तीन टन. तिला वर न्यायला लागतात अडीचशे किलो आणि टायरच्या घर्षणाचे वर पन्नास. म्हणजे तीनशे. तिसरा गिअर ३४० देतो. आरामात चढली.

माझा भाऊ एक टन जादा भरायचा. चार टन झाले. आता लागतात ३९०. तिसरा देतो ३४०. गाडी मान टाकणारच. दुसरा टाका, तिथं ५४० आहेत, चढली. म्हणजे गाडी काही बिघडलेली नव्हती, असं हे गणित म्हणतं. ते तेवढंच खरं नव्हतं, पण ते पुढं सांगते.

आणि आता फाईल टाका. वीस टक्के वाढवा. तिसऱ्याचे ३४० झाले ४१०. लागत होते ३९०. चार टनाची गाडी तिसऱ्यात चढायला लागली! इंजिनाचे दोन हजार फेरे धरले तर दुसऱ्या गिअरला ताशी पंचवीस आणि तिसऱ्याला चाळीसचा वेग पडतो. दहा किलोमीटरची चढण दुसऱ्यात चोवीस मिनिटांची, तिसऱ्यात पंधराची. नऊ मिनिटं वाचली.

भाऊ खूश. दिवाळीनंतर आठवडाभरानं त्याचा फोन आला, "आक्का, विमान झालंय विमान!" मीही ऑफिसात दोघातिघांना सांगितलं.

हेच गणित उलट्या बाजूनं कधी करायचं असतं हे मला तेव्हा सुचलं नाही. ते आता करते. चार टनाची गाडी दुसऱ्या गिअरला चढते तेव्हा इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जातात फक्त १४५ न्यूटन-मीटर. तीच गाडी तिसऱ्यात चढवायची तर जातात २३०. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच आहे. एक ताटाएवढी प्लेट, दोन्ही बाजूंनी दाबून धरलेली, नुसत्या घर्षणावर चालणारी. कंपनीनं ती २०० साठी निवडलेली, त्यावर थोडी जादा. ती जादा ताकद नव्या प्लेटला. आमच्या गाडीची प्लेट चार वर्षांची, रोज घाट चढलेली, आणि आमचा भाऊ घाटात गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणारा.

मी इंजिनाचा तक्ता तपासला. क्लच कुठल्याच तक्त्यात नव्हता. त्या फाईलला त्याची खबरच नसते. साधा क्लच असलेल्या गाडीत प्लेट किती झिजलीय हे सांगणारा सेन्सर नसतो. ते ड्रायव्हरच्या पायाला कळतं, पेडल वर येऊन गाडी उचलायला लागली की. मी भावाला विचारायला हवं होतं, पेडल कुठं उचलतंय. विचारलं नाही. किती माल भरतोस, तेही विचारलं नाही. ते मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. हे आज पहिल्यांदा बोलतेय.

मे २०२२. वळवाचा पाऊस होऊन गेलेला. रात्री सव्वा वाजता फोन वाजला.

"आक्का, गाडी ओढंना झालीय. नुसती ओरडतीया."

मी झोपेतून उठून काय विचारावं? "इंजिनाचा चेक लाईट लागलाय का?"

"लाईट कसला बघतीस! गाडी माघारी जाईल!"

आणि फोन बंद.

करूळ घाटात, वरच्या वळणांत कुठंतरी, चिरा भरलेला. झालं होतं असं की तिसऱ्यात चढता चढता इंजिनाचे फेरे वाढायला लागले आणि वेग कमी व्हायला लागला. प्लेट घसरत होती. इंजिन दोन हजारांवर आणि प्लेट त्याहून दोनशे फेऱ्यांनी मागे पडतेय असं धरलं, तर त्या ताटाएवढ्या प्लेटवर पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता तयार होते. घरातले दोन-अडीच गीझर एकदम लावल्यासारखं. वास आला तेव्हा त्यानं दुसरा टाकला, पण तापलेली प्लेट आणखीच घसरते. गाडी थांबली. आता ती उतारावर उभी आहे, चार टन. हँडब्रेक ओढला तर गाडी हळूहळू सरकते, कारण तो एवढ्या वजनासाठी नाही आणि त्याची केबलही सैल. मग आपण एरवी काय करतो? गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करतो, इंजिन गाडी धरून ठेवतं. पण चाकं आणि इंजिन यांच्यामधला दुवाच जळाला होता. गिअर टाकून उपयोग नाही.

त्यानं ब्रेकवर पाय दाबून धरला. क्लीनर पोरगा, एकोणीस वर्षांचा, उडी मारून खाली उतरला आणि मागून चिरा काढून मागच्या चाकाखाली लावला. मग दुसऱ्या चाकाखाली. आपल्याच ओव्हरलोडमधला चिरा. पहिला चिरा फुटला, असं त्यानं नंतर सांगितलं. दुसरा टिकला. मागं कुणाची गाडी नव्हती. मी तोपर्यंत पुण्यात अंथरुणावर बसून फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता, घाटात रेंज नसते. पंचवीस मिनिटांनी त्याचा फोन आला. मी त्या पंचवीस मिनिटांत काय काय पाहिलं ते सांगत नाही.

सकाळी टोचन करून गाडी कोल्हापुरात आणली. कुणीतरी सांगितलं म्हणून उद्यमनगरात एका गॅरेजला लावली. मी दुपारी पोचले तर गाडीखालून एक माणूस सरकत बाहेर आला, टक्कल पडलेला, आणि म्हणाला, "काय गं, पहिला नंबर! तूच होय फाईलवाली बहीण?"

आपला शेवटच्या बाकावरचा.

गिअरबॉक्स उतरवून त्यानं प्लेट माझ्या हातात दिली. लायनिंग रिबिटीपर्यंत गेलेलं, कडेला जळून काळं. फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले, त्याला फेसिंग मारायला लागणार होतं. गिअरबॉक्सचं तेल काढून त्यानं बोटांवर चोळून बघितलं, चमक आहे का ते. चमक म्हणजे दातांचा चुरा. नव्हता. "गिअर वाचले तुमचे," म्हणाला, "कारण प्लेट मेली. प्लेट जोरकस टाकली असतीस तर पुढचं मोडलं असतं."

मग त्यानं मला दोन गोष्टी दाखवल्या, आणि इथं मगाशी म्हटलेलं ते येतं. पहिली, एअर फिल्टर. हातात घेऊन आपटला तर लाल मातीचा ढीग पडला. चिऱ्याच्या खाणीतली धूळ. इंजिनाचं नाकच चोंदलेलं. दुसरी, मागचं डावं चाक. गाडी जॅकवर घेऊन त्यानं ते हातानं फिरवलं, अर्धा फेरा फिरून थांबलं. ब्रेक धरून बसलेला. कित्येक महिने ती गाडी एक पाय ओढत घाट चढत होती.

"पहिल्यासारखी ओढत न्हाई असं तो म्हणत होता, ते खरं होतं," मित्र म्हणाला. "आधी जी ओढ गेली ती शोधायची. मग नवीन ओढ घालायची का बघायचं. तुमी उलटं केलंत."

त्यानं लावलेला क्रम मी वहीत लिहून घेतला, दहावीनंतर पहिल्यांदाच कुणाचं तरी शिकवणं लिहून घेतलं असेल. फिल्टर. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या नळ्या आणि त्यांच्या क्लिपा. चारही चाकं हातानं फिरवून बघणं. टायरमधली हवा. टॅपेट. मग इंजेक्टर काढून बेंचवर. त्याच्याकडं आता कॉमन रेलचा बेंच आहे, काचेच्या नळ्यांऐवजी पडद्यावर आकडे येतात. पण वडलांचा जुना बेंच त्यानं ठेवलाय. जुने पंप अजून येतात, शेतातले, जनरेटरचे. मी म्हटलं, मला त्या नळ्या दाखव. त्यानं एक पंप लावून दाखवला. चार नळ्यांत तेल चढताना बघत आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. मग त्यानं हळूच विचारलं, "तुमच्या त्या तक्त्यात हे कुठं असतंय?" मी लॅपटॉप उघडून त्याला दाखवलं. कुठल्या घरातला आकडा वाढला की त्याच्या नळीत तेल वाढणार, हे त्याला पाच मिनिटांत समजलं. माझ्या हाताखालच्या नव्या पोरांना समजायला महिना लागतो. गणितात त्याला कधी पस्तीसच्या वर पडले नव्हते. बाई, तुम्ही हसताय, पण त्याचा पेपर तुम्हीच तपासायचात.

मूळची फाईल परत टाकली, नवी प्लेट आणि प्रेशर प्लेट घातली, ब्रेक सोडवला, हँडब्रेकची केबल बदलली, फिल्टर बदलला. गाडी चालवून बघितली तर पासिंगचा माल घेऊन तिसऱ्यात चढली.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण इथं बऱ्याच जणांच्या गाड्या आहेत आणि दोघांनी मघाशीच चहाच्या वेळी मला कोपऱ्यात घेऊन "माझ्या गाडीचं बघ ना" म्हटलंय. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. फाईल बदलली की वॉरंटीवर पाणी सोडायचं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सिक्स गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते. तिथं जादा डिझेल सोडलंत तर ती जाळी काजळीनं तुंबते, मग ती काढून टाकायचा सल्ला देणाराही कुणी भेटतो, आणि पुढं संपत नाही. त्या रेल्वे प्रेशरच्या डब्या मिळतात ना, लावल्या की पाच मिनिटांत पॉवर, त्या तर इसीयूशी चक्क खोटं बोलतात. दाब कमी आहे असं सांगतात, मग इसीयू बिचारा दाब वाढवत जातो. रेल्वे म्हटलं का मी? रेल. कॉमन रेल. तर मी कुणाच्याही गाडीची फाईल बघणार नाही. कोपऱ्यात घेऊ नका.

पण एवढं सांगून मी बसले तर ते अर्धवट होईल. भावाला नऊ मिनिटं कशाला हवी होती? हौसेला नाही. चिऱ्याचं भाडं नगावर मिळतं. गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला असतो. पासिंगएवढा माल भरून, सावकाश चढून, दिवसाला एक फेरी मारली तर डिझेल, क्लीनर आणि हप्ता जाऊन हातात काय उरतं, ते त्यानं मला त्या दिवशी गॅरेजच्या बाकड्यावर बसून कागदावर मांडून दाखवलं. माझं टॉर्कचं गणित मी त्याला दाखवलं होतं, त्याचं हे त्यानं मला दाखवलं. त्यात मला चूक सापडली नाही. एक टन जादा भरणं हे त्याच्या गणितातलं एक घर होतं, ते रिकामं केलं की बाकीचे आकडे जमत नव्हते.

मग आम्ही काय केलं? काही फार मोठं नाही. हप्त्याची मुदत वाढवून घेतली, त्यात मी थोडे घातले, ते त्यानं आढेवेढे घेत घेतले. चिरा कमी केला आणि जाताना सिमेंटऐवजी हलका माल धरला. मंडपाचं सामान, खुर्च्या, लाऊडस्पीकर, लग्नसराईत ते बरं चालतं. आज आपलंही भाडं त्यालाच दिलंय, संयोजकांनी घासाघीस केली असं ऐकलं. तो अजूनही कधी कधी पासिंगपेक्षा जास्त भरतो. हे मी माईकवरून सांगितल्याबद्दल घरी गेल्यावर मला ऐकून घ्यावं लागेल. पण भरलेली असली की घाटात दुसरा टाकतो, मागचा कितीही हॉर्न मारू दे. तो क्लीनर पोरगा आता स्वतः गाडी चालवतो आणि सीटखाली दोन लाकडी ठोकळे ठेवतो.

फाईलबद्दल भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. आईनं विचारलं तेव्हाही "प्लेट गेली" एवढंच म्हणाला. मीच आईला नंतर सांगितलं.

बस, आता जेवणाची वेळ झाली, पांढरा रस्सा निवतोय. जेवणानंतर आपला मित्र बाहेर पिकअपपाशी थांबणार आहे. मागचं डावं चाक परत तापतंय अशी त्याला शंका आहे, कारण खुर्च्या उतरवताना त्याला वास आला म्हणे. ज्यांना बघायचंय त्यांनी या. ड्रमला एकदम हात लावू नका, आधी पाण्याचे दोन थेंब टाकून बघा.